बरसीमची नळी

बाईंनी रोपाच्या मुळावरची गाठ नखाने फोडली. आतून पांढरी. दुसरी फोडली, तीही पांढरी. गाठ आतून गुलाबी असली की तिच्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरून रोपाला देतात. पांढरी म्हणजे नुसते आयतं खायला बसलेले पाहुणे. समोर बसलेल्या कुरणवाल्याचं चाऱ्यासाठी लावलेलं अख्खं बरसीम पिवळं पडलं होतं आणि प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्याला युरिया टाकायला सांगून वाटेला लावलं होतं.

प्रयोगशाळेत त्यांना गाठवाल्या बाई म्हणत. लसूणघासाला कोणता जिवाणू, बरसीमला कोणता, याच्या जोड्या जुळवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. मग नवे साहेब आले आणि म्हणाले, जिवाणू इथून तिथून सारखेच, सगळ्या चाऱ्यांना मिळून बियाण्याला चोळायचं एकच पाकीट काढा. सब घोडे बारा टक्के! बाईंनी तीनदा लिहून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. वर जिवाणूंच्या नळ्या जपलेला फ्रीज रिकामा करायचा हुकूम आला, तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. घ्या एकदाचं, म्हणत त्यांनी त्या एका पाकिटापुरती लसूणघासाची नळी सोडून बाकी सगळ्या त्याच दुपारी उकळून टाकल्या.

आता कुरणवाला विचारत होता, जुनं पाकीट एखादं उरलंय का. बाईंना त्याच्याकडे बघवेना.

"नाही उरलं, दादा. मूळ नळी होती, ती मीच रागाच्या भरात टाकली. सांगणारे साहेब, पण हात माझेच."

 मग त्याने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं आणखी एक रोप काढलं. जमिनीत खोट नाही हे दाखवायला त्याने ते आणलं होतं. कुरणाचा एक कोपरा तेवढा हिरवागार आहे, म्हणाला; चार वर्षांपूर्वी तिथे बाईंचं पाकीट चोळून बी पेरलं होतं.

बाईंनी गाठ फोडली. नखाला गुलाबी लागलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना रागच आला.

"हे मूळ ठेवून जा. पुढच्या पेरणीला पाकीट मिळेल."

"तुम्ही असाल ना तेव्हा?"

"मी नसेन. पाकीट असेल."

निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. सातव्या दिवशी त्या गुलाबी गाठीतले जिवाणू वाढवून नळी तयार झाली. बाईंनी चिठ्ठीवर जुनाच क्रमांक लिहिला आणि खाली बारीक अक्षरात, 'फेकल्यास पुढील पत्त्यावर मिळेल', म्हणून कुरणवाल्याचा पत्ता. फ्रीज उघडला तर नळीच्या जागी साहेबांची पाण्याची बाटली गार होत होती. बाईंनी ती उचलली, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि परत येऊन त्या जागी नळी ठेवली.