सरांच्या वहीतली ओळ

हिंगणघाटला कापड लाईनच्या मागच्या गल्लीत कौशल्याबाई झाडे यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल आणि गिऱ्हाइकांना बसायला बाक, एवढंच. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये होता, तो जाऊन दहा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन यवतमाळला. हात दिवसभर कामात आणि कान रिकामे, अशी बाईंची तीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मशीनवर बसणाऱ्या काजलनं त्यांच्या फोनवर एक कार्यक्रम लावून दिला. पुण्याचे दोघे जण, एक बाई आणि एक माणूस, आठवड्यातून एकदा तासभर बोलायचे. विषयाला धरबंध नव्हता. रात्री आकाश काळं का दिसतं, हडप्पाच्या विटा सगळीकडे एकाच प्रमाणात कशा, गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असूनही आपल्याला रडू का येतं, आपण आपल्या मर्जीनं वागतो की कुणी वागवतं. सुरुवातीला निम्मं डोक्यावरून गेलं. मग बाईंनी तेच भाग पुन्हा लावले. हळूहळू त्या फोनशी भांडायलाही लागल्या. "हे काही पटलं नाई," असं म्हणून मशीनचं चाक थांबवायच्या, विचार करायच्या आणि पुन्हा पाय हलवायच्या. काजल हसायची. दहावीही पुरी न झालेल्या बाईला हे वेड कशाला, असं गिऱ्हाइकं म्हणत. बाई पुढचा भाग लावत.

आषाढातल्या एका दुपारी वर्षाली भोयर ब्लाउजचं माप द्यायला आली. सोबत तिचे सासरे होते. ऐंशीच्या घरातले, ताठ बसणारे, शर्टाच्या खिशात छोटी वही आणि पेन. सासूबाई गेल्यावर मुलानं त्यांना आष्टीकडच्या गावाहून इकडे आणलं होतं. ते बाकावर बसले. फोन चालूच होता. पृथ्वी फिरते हे माणसाला पहिल्यांदा कसं कळलं असेल, यावर पुण्याची बाई बोलत होती. तिचं वाक्य संपलं आणि म्हातारे मान हलवून म्हणाले, "बरो-बर."

मधे किंचित थांबून म्हटलेलं ते 'बरो-बर' ऐकताच कौशल्याबाईंच्या हातातली टेप गळून पडली.

"सर," त्यांनी विचारलं, "तुमी कोनत्या शाळेवर होते जी?"

म्हातारे सुनेकडे बघू लागले. वर्षालीनं शाळेचं नाव सांगितलं. मग टेप उचलून देत हळूच म्हणाली, "मामाजीले आता आठवत नाई, मावशी. कालचं नाई आन् जुनंही नाई. वहीत लिवून ठेवतात. सकाळी उठले का वाचतात, तवा समजते का आपन कोन आन् कुठं हावो."

वर्षाली गेल्यावर कौशल्याबाईंनी त्या दिवशी एकही ब्लाउज शिवला नाही.

मार्च सत्त्याऐंशी. दहावीचा इतिहासाचा पेपर. वर्गावर पुंडलिकराव भोयर सर होते, नेमक्या उत्तराला 'बरो-बर' म्हणणारे. मागच्या बाकावरून एक चिठ्ठी घरंगळत कौशल्याच्या पायाशी आली. तिनं खाली पाहिलं, एवढाच तिचा गुन्हा. सरांनी चिठ्ठी उचलली, तिला उभं केलं, पेपर ओढून घेतला. माझी नाही म्हणून तिनं तीनदा सांगितलं. सर म्हणाले, "उभी राहा म्हटलं ना." ती रेस्टिकेट झाली. घरी वडील तीन महिने तिच्याशी बोलले नाहीत, मोठा भाऊ रूपराव गावातून मान खाली घालून चालायचा. पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. वडील गेले, तेही मुलीनं कॉपी केली असं मनात धरूनच.

आता तो माणूस तिच्या बाकावर येऊन बसला होता, आणि त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

फोनवरच्या त्या कार्यक्रमाचा एक जुना भाग बाईंना आठवत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शोधून लावला. त्यात म्हटलं होतं की माणूस तोच राहतो तो त्याच्या आठवणींमुळे, असं काही विचारवंत मानतात. पुण्याच्या माणसानं उदाहरण दिलं होतं. एकानं रागाच्या भरात शेजाऱ्याची विहीर दगडांनी बुजवली. पुढं मोठ्या आजारात तो सगळं विसरला. आता शेजाऱ्यानं जाब कुणाला विचारायचा? ज्यानं विहीर बुजवली तो माणूस आहे तरी कुठं?

"काऊन, विहीर तं बुजलेलीच हाय ना!" कौशल्याबाई मोठ्यानं म्हणाल्या. काजल दचकली.

वर्षाली चार ते साडेपाच शिकवणी घेई. त्या वेळी घरी एकटे असले की सर बेचैन होत. दुकानात मात्र ते शांत बसले होते, हे तिनं पाहिलं होतं. "मावशी, एवढा दीड घंटा मामाजीले बसू देता का?" असं तिनं विचारलं, तेव्हा कौशल्याबाईंना नाही म्हणता आलं असतं. त्या हो म्हणाल्या. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

सर रोज चारला येऊ लागले. रोज नव्यानं नाव विचारायचे. ऐकताना मात्र त्यांचं डोकं लख्ख चाले. एकदा कार्यक्रमात एक सन चुकला, तो त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केला. कौशल्याबाई त्यांच्याकडे बघत राहत. राग कुठे ठेवावा, हे त्यांना कळत नव्हतं.

बाराव्या दिवशी त्यांनी फोन बंद केला आणि काजलला चहा आणायला पाठवलं.

"सर, तुमाले एक सांगाचं हाय."

त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. सर दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

"माहीत हाय."

"चिठ्ठीवर काय होतं?"

"सत्तावनच्या उठावाची कारनं."

"तुला येत होती?"

"येत होती जी. मले चिठ्ठी कायले लागते?"

"सांग."

कौशल्याबाईंनी कात्री खाली ठेवली. राजकीय, आर्थिक, सामाजिक, लष्करी, अशी एकेक करत त्यांनी सगळी सांगितली. मधे एकदा अडल्या, पण सरांनी पुरवलं नाही, वाट पाहिली. त्यांना आठवलं. शेवटी सर म्हणाले, "बरो-बर."

"चिठ्ठीवरचं अक्षर मी तुझ्या पेपराशी ताडून पाहिलं होतं का?"

"नाई."

"मग चूक माझी." त्यांनी खिशातून वही काढली. "उद्या मी हे विसरणार. लिहून ठेवतो." वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: कौशल्या ढोले हिने कॉपी केली नव्हती. मी तिचे शिक्षण बुडवले. तिची माफी मागायची आहे.

ढोले हे बाईंचं माहेरचं नाव. एवढ्या वर्षांत ते कुणी लिहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारला सर आले ते हात जोडूनच. "कौशल्या ढोले तूच का? माझ्याकडून फार मोठी चूक झाली." बाईंनी डोळे पुसत माफ केलं म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी काजलला गल्लीच्या तोंडाशी मिळणारी गरम जिलबी खाऊ घातली. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "असंच."

तिसऱ्या दिवशी सर पुन्हा हात जोडून आले. चौथ्या दिवशी ते रडले. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "त्या मुलीचं पुढं काय झालं?" कौशल्याबाईंनी दुकानाकडे बोट दाखवलं, यवतमाळच्या लेकीबद्दल सांगितलं, मी बरी हावो म्हणाल्या. सर तेवढ्यापुरते निवळले. सहाव्या दिवशी तोच प्रश्न, तेच रडणं. त्यांना ते दरवेळी पहिल्यांदाच कळत होतं. बाईंना मात्र सहाव्यांदा.

आठवडा झाल्यावर वर्षाली सकाळीच दुकानात आली. "मावशी, वही वाचली का मामाजी चहा घेत नाईत. म्हनतात, मी एका पोरीचा नाश केला, मले तिच्याकडे घेऊन चाल. काल जेवलेच नाईत. मी ते पान फाडून टाकतो, पन म्हटलं आधी तुमाले विचारून घ्याव."

"तू फाडू नको," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी बोलतो त्याहीच्याशी."

त्या दुपारी त्यांनी विहिरीचा भाग पुन्हा लावला. शेवटी पुण्याच्या बाईनं विचारलं होतं की विसरलेल्या माणसाला शिक्षा देणं योग्य आहे का, आणि दोघांनी उत्तर न देताच भाग संपवला होता. आधी बाईंना त्याचा राग आला होता. आता वाटलं, त्यांना तरी कुठून ठाऊक असणार? विसरलेला माणूस रोज चारला त्यांच्यासमोर येऊन थोडाच बसत होता. बाईंना जाब हवा होता, तो मिळाला होता. रोज नवा घाव त्यांना नको होता. पण ते पान सरांच्या वहीतलं होतं, सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. त्यांना न विचारता ते फाडणं म्हणजे म्हातारा माणूस ऐकून घ्यायच्याही लायकीचा नाही, असं ठरवून टाकणं. तसं एकदा आपल्या बाबतीत झालं होतं.

सर आल्यावर त्यांनी सगळं उघड सांगितलं. तुम्ही आठ दिवस माफी मागून राहिले, मी पहिल्याच दिवशी दिली, तुमच्या ध्यानात ते टिकत नाही, आणि सकाळचं जेवणही सुटलं. "तं ते पान काढून टाकू, सर."

"नाही," सर म्हणाले.

"काऊन?"

"मी विसरलो, की आठवणारी तू एकटीच उरशील. तुझ्यावर झालेला अन्याय तूच सांभाळत बसायचं? निम्मं माझ्याकडे राहू दे."

पुण्याच्या दोघांनी ही बाजू मांडली नव्हती. काजलनं मशीन थांबवलं होतं. तीच म्हणाली, "मावशी, फोनमंधी बोलून ठेवू द्या ना सरले. आवाज राहीन. वहीत कायले पाह्यजे मंग?"

सरांना ही गोष्ट दोनदा समजावून सांगावी लागली. मग त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, काजलनं फोन समोर धरला, आणि ते वर्गात बोलावं तसे बोलले.

"मी पुंडलिक गोविंद भोयर, निवृत्त शिक्षक. मार्च एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या दहावीच्या परीक्षेत, इतिहासाच्या पेपरला, मी कौशल्या महादेव ढोले हिच्यावर कॉपीचा आरोप केला. चिठ्ठीवरचं अक्षर मी ताडून पाहिलं नाही. ते माझं काम होतं. हा प्रसंग मला आता आठवत नाही. पण मी तिला त्या पेपरातला प्रश्न विचारला, आणि तिला तो येत होता. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो. तो तेव्हाच ठेवायला हवा होता. तिनं कॉपी केली नव्हती."

मग त्यांनी स्वतः वहीचं पान हळूच, शिवणीच्या दोऱ्याला धक्का न लागू देता काढलं आणि कौशल्याबाईंच्या हातात दिलं. नव्या पानावर काय लिहू म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "चार वाजता ऐकाले जायचं हाय, येवढंच लिवा."

दुसऱ्या दिवशी ते हात न जोडता आले. नाव विचारलं, बाकावर बसले, आणि पाण्यातल्या माशांना वेदना होतात का यावरचा भाग संपेपर्यंत हलले नाहीत. वर्षालीनं जाताना सांगितलं की सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या. कौशल्याबाईंना बरं वाटलं. आतून थोडं रितंही वाटलं, पण ते त्या कुणाला बोलल्या नाहीत.

आवाज चार दिवस फोनमध्ये तसाच पडून होता. रविवारी दुकान बंद असताना बाईंनी तो रूपरावला पाठवला. सोबत काहीच लिहिलं नाही. रूपराव आता सत्तरीला टेकला होता, आष्टीला राहायचा, दिवाळीला आणि राखीला फोन करायचा. त्या परीक्षेचा विषय दोघांत कधी निघाला नव्हता.

तासाभरानं त्याचा फोन आला.

"कौशल्या."

"हो भाऊ."

"भोयर मास्तरच हाय ना हा?"

"त्येच हायेत."

"मंग तू तवा काऊन सांगतलं नाई का तुही चिठ्ठी नव्हती?"

कौशल्याबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "सांगतलं होतं, भाऊ. बाबाले सांगतलं, तुले सांगतलं. विहिरीवर तू मोटार चालू करून राह्यला होता, तिथं येऊन सांगतलं. तुमी कोनी ऐकलं नाई."

पलीकडे कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली, तरी त्यानं ओ दिली नाही.

"मले वाटे तू घाबरून खोटं बोलून राह्यली," तो शेवटी म्हणाला. "बाबा बी तसेच म्हनत. मी त्याहीले एकदाही म्हटलं नाई का पोरीले नीट विचारून पाहा."

"बाबा गेले आता."

"हो. पन मी हावो ना."

मग तो विचारू लागला. पेपर कितवा होता, मागच्या बाकावर कोण होतं, ती त्या दिवशी घरी कोणत्या वाटेनं आली, रडली होती का. कौशल्याबाई सांगत गेल्या. वाट नदीकडून होती. रडल्या नव्हत्या, सावलीत बसून उरलेल्या प्रश्नांची उत्तरं मनातल्या मनात म्हटली होती. रूपराव मधेच "मंग?" म्हणायचा आणि थांबायचा. फोन गरम झाला, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या कानाला लावला आणि पुढचं सांगायला घेतलं.