पहिल्या मनगटाचं घड्याळ

धाकटीचं वय चौपन्न, पण नाव धाकटीच. तरणतलावावर शिकवायला उभी राहिली की शिट्टी न वाजवता पार पलीकडच्या टोकाचा माणूस पाय मारायला लागायचा, असा तिचा आवाज. घरात पाऊल टाकलं की मात्र धाकटी. थोरली ताई चार वर्षांनी मोठी, आणि ती चार वर्षं धाकटीला जन्मभर पुरली.

म्हणजे बघा, फ्रॉक ताईला आखूड झाला की धाकटीचा. बूट आले ते आतून ताईच्या बोटांचे खड्डे पडलेले. शाळेची पुस्तकं आली ती गाळलेल्या जागा पेन्सिलीने भरून, म्हणजे ताईच्या चुकाही हिच्याच वाट्याला. या सगळ्याला घरात एक शब्द होता, 'उतरलेलं'. "ताईचं उतरलेलं आहे, छान आहे की!" आई म्हणायची. छान होतंच, तक्रार कशाची करणार? पण तो शब्द धाकटीच्या मनात घर करून बसला तो बसलाच.

पुढे तिला घड्याळांचा नाद लागला. चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी घड्याळवेड्यांची बैठक भरायची. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, त्याखाली टेबलावर मखमलीचा तुकडा, आणि त्यावर प्रत्येकाची लाडकी. विषय कुठलाही निघो, गाडी शेवटी एकाच ठिकाणी यायची, की जुनं चांगलं की नवं. आणि जज्जसाहेब, जे निवृत्त झाले तरी निकाल द्यायचं काही सोडेनात, ते निकाल द्यायचे. "जुनं! नव्यात काय आहे? कारखान्यातून निघालं आणि काचेच्या कपाटात बसलं. जुन्यात कोणीतरी जगलेलं असतं हो!" पिवळी पडलेली तबकडी, घासून गुळगुळीत झालेल्या कडा, काचेवरचे ओरखडे, सगळ्यांवर साहेबांचा जीव. चष्मेवाला कधीतरी कुरकुरायचा की नवं निदान वेळ तरी नीट दाखवतं. त्याचं कोण ऐकतंय!

धाकटीही इतकी वर्षं मान डोलवत आली होती. तिच्याकडची सगळीच घड्याळं जुनी, एकापेक्षा एक सरस. आणि एका रविवारी ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझी सगळी जुनी मी देऊन टाकतेय. त्यांच्या बदल्यात एकच घेणार. भारीतलं, नवं कोरं, पाण्यात चालणारं."

जज्जसाहेबांनी भिंग खाली ठेवलं. "नवं? अहो बाई, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे."

"मग कारण सांगा."

"तुमची घड्याळं पाण्याला भितात. माझा दिवस पाण्यात जातो."

कारण खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं गिळून टाकावं असं तिला क्षणभर वाटलं, पण आजवर बरंच गिळून झालं होतं. "आणि साहेब, जुन्यात कोणीतरी जगलेलं असतं, कबूल. पण माझ्या वाट्याला जे जे आलं त्यात आधी दुसरंच कोणी जगून गेलेलं होतं. आता एकात मला पहिल्यांदा जगायचंय. ओरखडासुद्धा पहिला माझाच पाहिजे."

साहेबांनी त्या दिवशी निकाल राखून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी धाकटी शोरूममध्ये. विक्रेता अगदी नम्र, टायबिय लावलेला. त्याने डबी उघडली, काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रा नखाने अलगद सोलला आणि घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं. "बघा मॅडम, हातात कसं खुलतं!"

खुललं होतं, पण त्याच्या.

"हे नको. दुसरं द्या," धाकटी म्हणाली.

"का मॅडम? काही डिफेक्ट दिसला का?"

"उतरलेलं आहे."

बिचाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "मॅडम, मी तर अर्धं मिनिट फक्त…"

"अर्धं मिनिट का होईना, पण माझ्या आधी."

तसलाच दुसरा नग मागवायला महिना लागेल, असं त्याने सांगितलं. लागू दे, धाकटी म्हणाली. वर बजावलं, की पापुद्रा कोणी काढायचा नाही, आणि हातात कोणी घालायचं नाही. मॅनेजर काचेआडून वाकून बघत होता, ही बाई आहे तरी कोण म्हणून. बघेना का!

त्याच आठवड्यात ताई घरी आली. तिला सगळं कळलं होतं, कारण तिचा चष्मा त्याच दुकानातला आणि चष्मेवाल्याच्या पोटात काही राहत नसे. ताईच्या मनगटावर सोन्याचं नाजूक घड्याळ असायचं, चावी द्यायचं. शाळेत पहिली आली म्हणून बाबांनी तिला नवं घेऊन दिलेलं. जज्जसाहेब त्यावर किती लट्टू होते ते विचारू नका. ताईने ते हातातून काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर धाकटीपुढे सरकवलं.

"घे. आता तुझं. कशाला उगाच नव्याच्या मागे लागतेस?"

लहानपणी याच घड्याळावर धाकटीचा डोळा होता. ताई झोपली की ती ते कानाला लावून ऐकत बसायची. आज ते समोर पडलं होतं, आणि देणारीच्या तोंडावर माया होती. हात पुढे करायचा अवकाश!

तिने घड्याळ परत सरकवलं. "नको ताई."

"का गं? चालू आहे. जरा मागे पडतं एवढंच."

"त्यात काही खोट नाही. मला आता तुझं काही नको."

बोलून गेली खरी, आणि ताईचा चेहरा पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी काय मुद्दाम देत होते का गं जुनं?" ताईचा आवाज कापला. "मला होत नव्हतं म्हणून तुला यायचं."

"माहीत आहे. तुझी चूक नाही. पण नको म्हणजे नको."

ताईला घड्याळाची कडी लागेना. धाकटीनेच ती लावून दिली. ताई चहाला हात न लावता निघून गेली, आणि त्यानंतर तिचा फोन नाही.

ते दिवस धाकटीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. फोन करावा, 'आण ते घड्याळ' म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं तिला रोज वाटायचं. पण आता हो म्हटलं की कायमचंच हो, हे ती पक्कं जाणून होती. तिने दात आवळून कळ काढली.

घड्याळ आलं तशी ती ते घेऊन सरळ तलावावर गेली. दुपारची वेळ, पाण्यात कोणी नव्हतं. काठावर बसून तिने पापुद्रा सोलला, पट्टा आवळला आणि उडी मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात. डोकं वर काढलं तर समोर ताई, चपला हातात घेऊन उभी.

"चष्मेवाला म्हणाला, आज मिळणार," ताई म्हणाली. "बघू."

धाकटीने हात वर केला. पाणी निथळत होतं आणि काटा आपला शांत फिरत होता.

"मी घालून बघू?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"जरा वेळसुद्धा नाही?"

"नाही ताई. माझं आहे ते."

कपडे भिजतील याची पर्वा न करता ताई काठावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि धाकटीचं ओलं मनगट दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेलं.

"तुला वाटतं, माझी मजा होती," ती म्हणाली. "सगळं नवं मिळालं गं मला. पण 'तुला काय हवं?' असं मला एकदाही कोणी विचारलं नाही. हे सोन्याचं मला नकोच होतं. मला सायकल हवी होती."

धाकटी दोन्ही हातांनी जोर देऊन पाण्याबाहेर आली.

"थांब इथेच," ती म्हणाली. "मी कपडे बदलून येते. सायकलचं दुकान उघडं असेल."