समुद्रकाठचा दवणा

"गोरखभाऊ, ह्यो दवना न्हाई!" आक्काबाईंनी कुंडी टेबलावर ठेवली. "देवीला वाहिला म्या. नुसता पाला. वासाचं नाव न्हाई."

रविवारचा डबा घेऊन पंकजा सावेडीतल्या नर्सरीत आली होती, ती दारातच थबकली. तिचे वडील, गोरक्षनाथ आप्पा, तिथे तीस वर्षं माळी होते. चैत्रात देवाला वाहायचा दवणा लोक त्यांच्याच हातचा नेत.

आप्पांनी एक पान खुडलं, चुरडलं, नाकाशी नेलं.

"काय घमघमतोय! आक्का, सर्दी झालीय तुमाला. काढा घ्या काढा."

"मला सर्दी? शेजारनीच्या आमटीत मीठ कमी हाय का जास्त, हितं बसून सांगते मी!"

दोघंही हसली. पंकजाने सहज एक पान चुरडून पाहिलं. चंदेरी, लवदार, दवण्यासारखंच कातरलेलं. वास मात्र ओल्या मातीचा, बाकी काही नाही. तिने आप्पांकडे पाहिलं. ते पान अजून नाकाशी धरून होते आणि तिच्याकडे बघायचं टाळत होते.

तेवढ्यात मालक, हर्षल, आतून आला.

"अहो काका, हे डस्टी मिलर! समुद्रकाठचं झुडूप. बुकेवाल्यांसाठी मागवलं होतं. तुम्ही ह्यालाच दवणा समजलात? म्हणून तो खऱ्या दवण्याचा ट्रे मागं वाळून गेला होय!" मग पंकजाकडे लक्ष जाऊन तो वरमला. "जाऊ द्या. दिसायला सारखंच दिसतंय."

आप्पांनी वाफ्याकडे पाहिलं. अख्खी रांग चांदीसारखी उभी होती, आणि दर रोपाशी त्यांच्याच अक्षरातली 'दवणा' अशी पाटी.

"आक्का, माझं चुकलं," ते म्हणाले. "सांजच्याला खरा दवना घरी आनून देतो."

"अवो, ऱ्हाऊ द्या. मी आपलं बोलून गेले."

पण ते वाफ्याशी वाकले होते. एकेक पाटी उपटत ते टोकापर्यंत गेले. पंकजा मदतीला पुढे झाली तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हटलं.

संध्याकाळी तिने स्कूटरवरून त्यांना माळीवाड्यातल्या फुलवाल्यांकडे नेलं. दवण्याची जुडी आप्पांनी आपण निवडली नाही, तिच्या हातात दिली. ती आक्काबाईंकडे पोचवून परतताना सिग्नलला पंकजाने विचारलं, "कधीपासून, आप्पा?"

"तुजी आई गेली, त्या तापापासनं."

"चार वर्षं? आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? माळ्याला वास येत न्हाई म्हनून? आंधळ्या डायवरच्या यष्टीत कोन बसतंय?"

घरी आल्यावर त्यांनी चहा नको म्हटलं. खाटेखालची ट्रंक ओढली.

"एक काम कर माझं."

ट्रंकेत आईचं जांभळं पातळ होतं. अँब्युलन्स यायच्या आधी तिने बदललेलं. हे पातळ मागे राहिलंय, हेच पंकजाला ठाऊक नव्हतं.

"धुतलं न्हाई मी," आप्पा म्हणाले. "माझा ताप उतरल्यावर हुंगून बघितलं, तर काईच न्हाई. म्हनलं, येईल नाक माघारी. तवर जपून ठिवू. आता न्हाई येत ते. तू बघ. हाय का तिचा वास?"

तिने घडी उलगडली. आतून पांढऱ्या डांबरगोळ्या घरंगळल्या. काही नव्या, काही झिजून वाटाण्याएवढ्या.

"दर साली नव्या घालतो. कसर लागू नये म्हनून."

पंकजाने पातळात तोंड खुपसलं. उग्र झणका थेट डोळ्यांत गेला. तिने पदर हुंगला, निऱ्या हुंगल्या, काठ हुंगला. सगळीकडे तेच. त्याखाली काही उरलं नव्हतं.

"हाय?"

"आहे, आप्पा." तिने तोंड वर केलं नाही. "पदराला भाकरीच्या पिठाचा आहे. आणि शिकेकाईचा."

आप्पांनी घरंगळलेल्या गोळ्या एकेक वेचून ट्रंकेत टाकल्या.

"रिठा," ते म्हणाले. "रिठा लावायची ती. शिकेकाईनं डोळं चुरचुरायचं तिचं."

त्यांनी पातळ तिच्या मांडीवरून उचललं. घड्या होत्या तशा जुळवल्या. ट्रंकेत ठेवून, रोप लावल्यावर माती दाबावी तसा त्यावर एकदा तळवा दाबला, आणि कडी लावली.