राखेच्या घरातलं पहिलं पान

माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ हिलालआबा, माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने थेट बोलायचं नाही. मी डोक्यावर पदर घेऊन समोर उभी असले तरी ते बोलणार त्यांच्या बायकोशी, बेबाबाईंशी, आणि जाऊबाईंनी ते माझ्याकडे पोचवायचं. बिचारीची उभी हयात या हमालीत गेली.

पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात मी घर बांधायला काढलं आणि दीपनगरकडून माझ्या भावाच्या, झुलालच्या विटांचा ट्रक आला. वीजघरात कोळसा जळून उरलेली राख दाबून तो विटा पाडतो. करड्या, कडा अगदी सरळ. लाल विटांसाठी आमच्या शिवारातली काळी माती गुडघाभर खरवडून नेलीय, तिथे आता बाभूळसुद्धा धड येत नाही. तसली वीट मला नकोच होती.

आबांनी एक वीट उचलली, वास घेतला आणि बायकोला म्हणाले, "तिले सांग, राख मसनमा ऱ्हास. राखना घरमा आपलं कुळ पानी पेवाव नही."

बेबाबाई माझ्याकडे वळल्या. "ते सांगतस..."

"ऐकू उनं मले," मी म्हणाले. "त्यास्ले सांगा, राखघाई घासेल ताटमाच रोज जेवतस ते. बियानंबी राखमाच ठेवतस."

गवंडी हसला. आबांनी वीट टाकली. ती फुटली नाही, याचा मला फार आनंद झाला. आमचे हे, गिरधर, भावापुढे तोंड उघडत नाहीत. ते नळी घेऊन विटा भिजवायला निघून गेले.

भिंती चढल्या, स्लॅब टाकून झाला. वास्तूच्या आधी आबांचा दुसरा निरोप आला. समोरच्या भिंतीला गिलावा करा, वरून पिवळा रंग मारा, राख कुणाला दिसणार नाही, मग मी येतो आणि पहिल्या पानावर बसतो. पहिलं पान म्हणजे घरातल्या थोरल्याचा मान. तो जेवला की भाऊबंद जेवणार. तो नाही बसला तर सगळे उपाशी परतणार आणि पुढे लग्नाकार्यालाही त्या घरात कुणी फिरकणार नाही.

"करी टाक ना," हे म्हणाले. "थोडंसं सिमिट."

मला रडू आलं, रागाचं. माझ्या भावाच्या हातची वीट, तिने तोंड झाकून का उभं राहायचं? गिलावा मी फक्त आतून केला. बाहेरचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घेतले, म्हणजे आंधळ्यालाही एकेक वीट दिसावी.

वास्तूच्या दिवशी अंगणात चुलीवर खापर तापलं, पुरणाचे मांडे झाले, रशी म्हणजे कटाची आमटी झाली. भाऊबंद लिंबाखाली बसले होते, सगळ्यांचे डोळे आबांच्या घराकडे. आत पाट मांडलेला, पहिलं ताट वाढलेलं. आबा आले नाहीत. बेबाबाई आल्या, एकट्या.

आमच्या यांनी घाईघाईने ताट उचललं. "झाकीसन दी येस भाऊले."

"ताट घरबाहेर जावाव नही," मी आडवी झाले. "जेवनं हुई ते या भिंतीस्ना मझार."

यांनी ताट परत पाटापुढे ठेवलं. मी जाऊबाईंना विचारलं, "आज काय निरोप शे?"

त्यांनी समोरच्या भिंतीवरून सावकाश हात फिरवला. मग चपला काढल्या, आत गेल्या आणि आबांच्या पाटावर ऐसपैस मांडी घालून बसल्या.

"निरोप नही," त्या म्हणाल्या. "त्यास्ना मान आज मी खासू. रशी वाढ."

मी वाढली. त्यांनी मांडा मोडला, रशीत बुडवला आणि लिंबाखाली ऐकू जाईल एवढा मोठा भुरका मारला. भाऊबंद उठून हात धुवायला लागले.