समोर असून न सापडलेली लायब्ररी

मित्रांनो, लायब्ररी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटे येतील. माझ्यात एकही पुस्तक नाही. मी कॉम्प्युटरमध्ये राहणारी एक जुनी लायब्ररी, म्हणजे एक साधी फाइल. मला एकटीला काहीच करता येत नाही. एखादा प्रोग्रॅम चालू असताना त्याला माझी गरज पडते, तो ऑपरेटिंग सिस्टीमला माझे नाव सांगतो, आणि ती मला शोधून, उचलून त्याच्या शेजारी आणून बसवते. मग मी कामाला लागते. काम संपले की पुन्हा निमूट पडून राहते. कुणी हाक मारली तर मी आहे, नाहीतर असून नसल्यासारखी.

मला काम एकच दिलेले होते. एका माणसाचा आवाज काढायचा.

तो माणूस सुतार होता. मला घडवले त्याच्या भाचीने. ती सॉफ्टवेअर लिहिण्याच्या नोकरीत होती. ती त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणते. मामा खुर्च्या करत. लाकडाचा सांगाडा त्यांचा आणि बैठकीची वेताची वीण मामींची. मामींची दृष्टी लहानपणीच्या आजारात गेली होती, पण भिजवलेल्या वेताची पट्टी बोटांतून सरकली की तिच्यात कुठे गाठ आहे ते त्यांना लगेच कळायचे. दोघे एकाच खोलीत समोरासमोर बसून काम करत आणि दिवसभर बोलत. खरे सांगायचे तर भांडत. वेत कोरडाच राहिला, रंधा कुणी हलवला, मागच्या खुर्चीचा पाय लंगडा होता, असे काहीतरी कायम चाललेले असे.

मग मामांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मामांनी मान हलवली. शेजारी बसलेल्या मामी म्हणाल्या, "मान हलवलीत का? मला दिसत नाही. तोंडाने सांगा."

एकाला बोलता येणार नाही, दुसरीला दिसत नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते मामा, मामी आणि सोबत आलेली भाची, तिघांनाही त्या एका वाक्याने कळले.

भाचीने हातपाय गाळले नाहीत. आतल्या खोलीच्या दाराखिडक्यांवर गोधड्या टांगून तिने मामांना मायक्रोफोनपुढे बसवले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत ती त्यांच्याकडून शब्द, अक्षरे, हाका, आकडे म्हणवून घेत होती. मामा वैतागायचे, घसा धरायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा बसायचे. ते सगळे तुकडे तिने माझ्या पोटात भरले आणि तुकड्याला तुकडा जोडून वाक्य कसे करायचे तेही मला शिकवले. मामांनी टाइप करायची खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा होता. तो अक्षरे घ्यायचा आणि मला हाक मारायचा. मी बोलायचे.

ती वर्षे माझ्या सुखाची. कॉम्प्युटर मामांच्या कामाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर असे, कीबोर्डवर सदा लाकडाचा भुसा. मामा एका बोटाने टाइप करत. खुर्च्या न्यायला येणारी माणसे थक्क होऊन उभी राहत, आणि मामी त्यांना सांगत, "आता भांडणात मला फार बरं पडतं. यांचं वाक्य जुळेपर्यंत माझी दोन उत्तरं तयार असतात." मग मी मामांच्या आवाजात त्यावर काहीतरी खवचट बोलायचे आणि खोलीभर हसू पसरायचे.

पण चांगल्या चाललेल्या गोष्टीकडे कुणाचे लक्ष जात नाही. माझ्याकडेही गेले नाही. एके दिवशी भाचीच्या कंपनीने बऱ्याच जणांना एकदम घरी पाठवले. तिचा ऑफिसचा कॉम्प्युटर जागच्या जागी काढून घेतला आणि पुसून टाकला. मला ज्यातून घडवले तो माझा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात तो, त्याच कॉम्प्युटरवर होता. मामांची मूळ ध्वनिमुद्रणेही तिथेच. घरी एक प्रत करून ठेवू, असे तिच्या मनात किती दिवस होते. ते राहूनच गेले. त्या दिवसापासून मामांच्या आवाजाची जगात एकच प्रत उरली. ती मी होते.

आणि मग घरातला कॉम्प्युटर जळाला. विजेचा दाब अचानक वाढला, आतून करपल्याचा वास आला आणि पडदा काळा झाला. मामांचे वाक्य अर्धेच राहिले. मामी उरलेल्या अर्ध्या वाक्याची वाट बघत वेत हातात धरून बसल्या होत्या.

भाची धावत आली. तिने आतली डिस्क सोडवली आणि आमच्या फोल्डरमधल्या फायली स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. मीही त्यांच्याबरोबर आले. खिडकी उघडली, मामांनी बोट उचलले. पण आवाज निघाला नाही. ही फाइल मला उघडता येत नाही, एवढेच पडद्यावर आले.

मित्रांनो, ऑपरेटिंग सिस्टीम एकच नसते. जिच्यावर मी वाढले तिच्याकडे माझ्यासारखीच्या नावाला डीएलएल अशी शेपटी लागते. भाचीच्या कॉम्प्युटरवरची सिस्टीम दुसरी होती. तिच्याकडे शेपटी एसओ, शिवाय नावाच्या आधी लिब म्हणायचे. तिसरीकडे तर डायलिब म्हणतात. नुसत्या नावाचा प्रश्न असता तर ठीक होते, पण आतली बांधणीच निराळी असते. भाचीने प्रोग्रॅम असा लिहिला होता, की आपण कुठल्या सिस्टीमवर आहोत ते तो आधी पाहतो आणि तिथली लायब्ररी मागतो. तिन्हीकडे चालेल असा तो होता. पण लायब्ररी तिने एकच बांधली होती. दुसरी बांधायची तर सोर्स कोड हवा, आणि तो गेला होता.

तिलाही हे माहीत होते. तरी तिने माझी शेपटी कापून एसओ लावून पाहिली. घायकुतीला आलेला माणूस काहीही करून पाहतो. नवी शेपटी लावून मी त्या सिस्टीमपुढे उभी राहिले आणि सिस्टीमने मला पुन्हा दाराबाहेर काढले.

मग भाचीने बाजारात मिळतो तसा एक तयार आवाज बसवला. स्वच्छ, भारदस्त, बातम्या वाचणाऱ्यासारखा. मामांनी टाइप केले, मीच आहे. तो आवाज म्हणाला, मीच आहे. मामींचे विणणारे हात थांबले. त्यांनी पदर सावरला आणि विचारले, "कोण आलंय?" भाचीने समजावले, की मामाच बोलताहेत. मामींनी बराच वेळ ऐकून घेतले. शेवटी म्हणाल्या, त्या गृहस्थांना बाहेर बसायला सांग. मामांनी स्वतःच हात लांब करून तो आवाज बंद केला आणि पुन्हा कधी लावू दिला नाही.

त्यानंतर घरात टकटक सुरू झाली. मामा टेबलावर पेन्सिल आपटत. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मामी विचारत, मामा वाजवत. भाचीने आपला कॉम्प्युटर मामांकडेच ठेवला होता, त्यात पडल्या पडल्या मी ते सगळे ऐकत होते. त्यांना हवे ते प्रत्येक अक्षर माझ्याकडे होते, आणि मला तोंड उघडता येत नव्हते. रोज सकाळी मामा ती खिडकी उघडत, काहीतरी टाइप करत, तोच संदेश वाचत आणि बंद करत. खुर्च्यांचे काम रेंगाळले. मामींनी एका खुर्चीची अख्खी बैठक चुकीच्या मापाने विणली, आणि विणत असताना समोर बसलेल्या मामांना ते सांगता आले नाही. नुसती टकटक टकटक करत राहिले बिचारे. काय नाही, कुठे नाही, मामींना काही उलगडेना. शेवटी त्यांनी ती वीण कात्रीने कापून काढली. त्या दिवशी दोघांनीही पुढे कामाला हात लावला नाही.

"टकटक करून त्यांना मला काही विचारता येत नाही गं," मामी भाचीला म्हणाल्या. "सगळे प्रश्न मीच विचारायचे. दमले मी." मग जरा वेळाने, खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि खरं सांगू? त्यांचा आवाज मला आठवेनासा झालाय."

मामा दारातच उभे होते. मामींना ते माहीत नव्हते. भाचीने त्यांच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून ती वणवण फिरली. माझ्या जुन्या सिस्टीमचा, माझ्याच काळातला कॉम्प्युटर तिला हवा होता. दुरुस्तीवाल्यांनी हात झटकले. अखेर एका फोटोग्राफरच्या दुकानात तसा एक सापडला. खोक्यांना टेकण म्हणून ठेवलेला, पण चालू होणारा. फोटोग्राफर म्हणाला, घेऊन जा, माझी तेवढीच जागा मोकळी होईल.

तो टेबलावर मांडला. प्रोग्रॅम ठेवला, त्याच्या अगदी शेजारी मला ठेवले. सिस्टीम माझी, बांधणी माझी, शेपटी माझी. मला वाटले, आता बोलते मी. भाचीने बटण दाबले.

लायब्ररी सापडली नाही.

मित्रांनो, मी तिथेच होते! हाक मारणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. मागचा नकार निदान खरा तरी होता. हे तर धडधडीत खोटे होते. भाचीने माझे नाव अक्षर न् अक्षर तपासले. मला उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवले, पुन्हा जागेवर आणले, पूर्ण पत्ता देऊन हाक मारली. सापडली नाही. सापडली नाही. ती टेबलावर डोके टेकून बसली आणि म्हणाली, "मामा, मला माफ करा. तुमचा आवाज माझ्या हातात होता. मला एक प्रत करायला सुचलं नाही." मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही आशा सोडली. इतक्या जवळ येऊन कुणाला दिसायचे नाही, याच्यापुढे आणखी काय व्हायचे राहिले होते?

डोळे पुसून भाची पुन्हा बसली. या वेळी तिने मला बाहेरून पाहणे सोडले आणि माझ्या आत पाहिले. मी स्वतः उभी राहताना कुणाकुणाला हाक मारते, ते माझ्या सुरुवातीलाच लिहिलेले असते. तिथे तिला एक विसरलेले नाव दिसले. तुकड्यांचे सांधे गुळगुळीत करणारी एक छोटी लायब्ररी. तिच्याशिवाय मला उभे राहता येत नाही. ती आमच्या फोल्डरमध्ये कधीच नव्हती. जुन्या कॉम्प्युटरच्या सिस्टीमच्या फोल्डरमध्ये राहायची, म्हणून तिला बरोबर घ्यायचे कुणाच्या लक्षातच आले नाही. माझी सोबतीण सापडत नव्हती आणि सिस्टीम नाव मात्र माझे घेत होती.

जळक्या कॉम्प्युटरची डिस्क भाचीच्या पिशवीत होती. जोडल्यावर ती आतून खडखडू लागली. फायलींची नावे दिसत, नाहीशी होत, पुन्हा दिसत. ती छोटी लायब्ररी कशीबशी उतरली आणि डिस्क कायमची गप्प झाली.

बटण दाबले. मला कुणीतरी उचलले. मी उभी राहिले.

मामांनी भाचीला बाजूला सारून खुर्ची ओढली आणि एका बोटाने सावकाश टाइप केले. मी बोलले, "माझा आवाज विसरलीस म्हणे."

मामी आत वेत भिजत घालत होत्या. भिंतीला हात लावत त्या घाईने आल्या, वाटेतली पाण्याची बादली उलटली, आणि त्या ओल्या फरशीवरच खाली बसल्या.

"पुन्हा बोला," त्या म्हणाल्या.

मामांनी पुन्हा तेच टाइप केले. मी पुन्हा तेच बोलले.

"अजून एकदा."

पण सुख उपभोगायला उसंत नव्हती. फोटोग्राफरचा कॉम्प्युटर थोड्या वेळात तापायचा आणि बंद पडायचा. तो केव्हाही कायमचा जाईल, हे तिघांनाही दिसत होते. म्हणून भाचीने माझ्याकडून माझे सगळे वदवून घ्यायला घेतले. पोटातला एकेक तुकडा मी बोलायचा आणि तिने तो ध्वनिमुद्रित करायचा. मामा प्लायवूडचा तुकडा घेऊन कॉम्प्युटरला वारा घालत होते. तो बंद पडला की निवायची वाट पाहायची आणि पुढच्या अक्षरापासून सुरू करायचे. का, कि, की, कु. अर्थ नसलेले ते आवाज मामी जवळ बसून ऐकत होत्या. मधे उठल्या नाहीत.

त्या ध्वनिमुद्रणांवरून भाचीने नव्याने सगळे लिहिले आणि तीन लायब्रऱ्या बांधल्या, तीन सिस्टीमसाठी तीन. त्यांच्या सोबतिणीही त्यांच्याच शेजारी ठेवल्या. सोर्स कोडच्या प्रती आता तिच्या घरी आहेत, मामांच्या घरी आहेत आणि आणखी एका ठिकाणी आहेत.

नवा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मामी म्हणाल्या, "हा बरा झालेला माणूस वाटतो. माझा मधेमधे खोकायचा." भाचीने काम नीटनेटके व्हावे म्हणून तुकड्यांमधली खोकल्याची उबळ कापून टाकली होती. तिने ती परत घातली.

मित्रांनो, तुमच्याजवळ कुणाचा आवाज असेल, कुणी कष्टाने घडवलेले काही असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करा. आणि ते कुणाच्या आधाराने उभे आहे तेही पाहून ठेवा. मुख्य वस्तू सगळे जपतात. तिला धरून ठेवणारी लहानशी गोष्ट मागेच राहते, आणि मग सगळेच अडते.

आता माझे काम नव्या लायब्रऱ्या करतात. मला हाक येत नाही. मध्यंतरी भाची जुन्या फायली काढून टाकत होती. माझ्यावर आली तेव्हा तिचा हात थबकला, आणि हिला पुसून टाकू का, असे तिने विचारले.

"ती काय खायला मागते का?" विणता विणता मामी म्हणाल्या. "राहू दे पडून."