न मागितलेली मुद्दत

दिग्रसपासून दोन कोसांवरच्या त्या बंजारा तांड्यात सातवी पास झालेला पहिला माणूस म्हणजे लखीराम. त्याच्या आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, बापाने कापूस पेरला आणि लखीराम यवतमाळला दोन वर्षं मास्तरकी शिकून आपल्याच तांड्याच्या शाळेत गुरुजी होऊन आला. शाळा चौथीपर्यंत. लखीरामने राहायला मात्र दिग्रसला खोली घेतली होती. रोज सायकलने येई, सायकलने जाई.

चौथीत गंगी नावाची पोर होती, धनसिंगची. वय अकरा. तिच्या डोक्यात सवाल काही मावत नसत. त्या वर्षी पुस्तकात नवी वजनं-मापं आली होती. गंगी उभी राहिली.

"गुरुजी, शेर गेला अन् किलो आला. कापूस तं तेवढाच हाय. मंग खरं माप कोनतं?"

"पुस्तकात आहे ते."

"अन् पुढच्या साली पुस्तकात दुसरंच आलं तं?"

"तर ते पाठ करायचं. बस खाली."

पोरं हसली. गंगी बसली, पण तिचं तोंड बसलेल्या माणसाचं नव्हतं. लखीरामला तिचं कौतुक होतं आणि धास्तीही. यवतमाळला त्याला खडू कसा धरावा, हजेरी कशी लिहावी, पाठाचे टप्पे कसे पाडावेत, सगळं शिकवलं होतं. एक गोष्ट तर घोटून घेतली होती : मास्तराने वर्गापुढे अडखळू नये. अडखळला की वर्ग गेला.

परीक्षेत गंगी पहिली आली. आता पाचवीला दिग्रसला जायला हवं होतं. तांड्यातली एकही पोरगी तोवर तिथे गेली नव्हती. धनसिंगकडे घाटंजीकडच्या एका तांड्यातून सगाईचं बोलणं आलं होतं, चांगलं घर होतं. शाळा की सगाई, हे बैठकीत ठरायचं होतं. तांड्याचा मुखिया शंकरसिंग नायक, त्याने रविवारी सकाळी मोहाच्या झाडाखाली माणसं बोलावली.

त्या बैठकीची रीत जुनी होती. नायक सवाल करी. उत्तर पटलं नाही तर पुन्हा करी. ज्याला सवाल केला त्याला उत्तर सुचलं नाही, तर तो हात जोडून म्हणे, "मुद्दत द्या." पुढच्या बैठकीपर्यंत, म्हणजे पंधरा दिवसांची, मुद्दत मिळे आणि तोवर गोष्ट तिथल्या तिथे थांबे. मुद्दत मागितली म्हणून कोणी कमी झाला नाही. उलट ओठांवर उत्तर तयार असणाऱ्यालाच म्हातारे हसत, "याच्या घरी विचार शिजत नाही, शिळाच वाढते." आणखी एक रीत होती. जिच्याबद्दल बैठक असेल तिला एक सवाल करायचा हक्क.

लखीराम हे सगळं बघतच वाढला होता. पण त्या दिवशी तो धुतलेला पायजमा, कोट घालून आला होता.

"लखीराम," नायक म्हणाला, "पोरगी वाचते, लिहिते, हिशेब करते. अजून शिकून तिचं काय होईन, जे तांड्यात होत नाही? शाळा कायले, ते सांग."

लखीरामने तोंड उघडलं आणि लक्षात आलं, हा सवाल आपल्याला कधी कोणी केलाच नाही. दोन वर्षांत कसं शिकवायचं ते सांगितलं, कशासाठी ते नाही. आपणही आपल्याला विचारलं नाही. 'मुद्दत द्या' हे शब्द जिभेवर आले होते. पण समोर त्याचे विद्यार्थी बसले होते, कोट अंगावर होता. गुरुजीने मुद्दत मागायची?

"शिकलं की नोकरी लागते," तो म्हणाला.

"तुले लागली," धनसिंग हसून म्हणाला, "अन् तू दिग्रसले पळाला. तुह्या मायच्या हातची भाकर खाऊन किती दिवस झाले रे?"

माणसं खो खो हसली. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून गंगी पुढे आली.

"माहा सवाल हाय. गुरुजी, ज्याले नोकरी भेटनार नाही, त्यानं कायले शिकायचं?"

"मोठ्यांच्या मधे तोंड घालतेस? बस खाली!"

वर्गातला तोच आवाज बैठकीत घुमला. हसणं थांबलं. तांड्यात त्या झाडाखाली कोणी कोणाचा सवाल असा दाबला नव्हता. गंगी मागे सरली. नायक म्हणाला, "उत्तर नाही आलं. धनसिंग, तुह्या मनाले येईन ते कर."

दोन दिवस लखीराम खोलीत येरझारा घालत होता. गंगीचा सवाल पाठ सोडत नव्हता. तो त्याने झटकून टाकला नाही, हेच त्याचं पहिलं खरं शिकणं. बुधवारी पहाटे तो सायकलवर नाही, पायी निघाला. नायक दारात दात घासत होता.

"नायक, उत्तर घेऊन आलो."

"बोल."

"झाडाखाली तुम्ही कोणालाही सवाल करता. पण तांड्याबाहेर पाय पडला की आपण मान डोलावतो. माप बाहेरच्यांनी ठरवलं, भाव त्यांनी ठरवला, कायदा त्यांनी केला. कोणी ठरवलं, काहून ठरवलं, हे विचारायला त्यांची अक्षरं लागतात. गंगीपाशी सवाल आहेत, अक्षरं कमी आहेत. माझ्यापाशी अक्षरं होती, सवाल नव्हते. नोकरी लागो न लागो, शाळा त्यासाठी."

नायकाने चूळ भरली. "हे आलं उत्तर. मले पटलं." मग तो तुटक बोलला, "मुद्दत काहून नाही मागितली, लखीराम? म्या दिली असती. पुरी पंधरा दिवसांची."

लखीरामने आता हात जोडले.

"काल पाहुणे येऊन गेले. गूळ वाटला," नायक म्हणाला. सगाईचा गूळ तोंडात गेला की शब्द फिरत नाही, हे लखीरामला कोणी सांगायला नको होतं.

तरी तो धनसिंगच्या घरी गेला. धनसिंगने खाट टाकली, आदराने बसवलं, रविवारचा शब्दही काढला नाही. "गुरुजी आले. गूळ आन गं."

गंगी ताटली घेऊन आली. नवी ओढणी कपाळापर्यंत ओढलेली होती. खाल्ला नाही तर त्या घराचा अपमान. लखीरामने खडा उचलून तोंडात टाकला आणि तिच्याकडे बघत थांबला. तिने काहीतरी विचारावं, काहीही, म्हणून थांबला. आता त्याला उत्तर येत नसतं तरी चाललं असतं.

गंगीने काही विचारलं नाही. ताटली घेऊन ती ओसरीवर बसलेल्या दुसऱ्या माणसाकडे गेली.