दिवा जरा थांबतो

सासरेबुवांच्या जुन्या गाडीचं दार लागलं रे लागलं की आतला दिवा विझायचा, आणि तळघरातल्या गॅरेजमध्ये सासूबाई सीटचा पट्टा चाचपडत बसायच्या. शेवटी त्यांनी निक्षून सांगितलं, "ही अंधारकोठडी पुरे झाली. विकून टाका." सासऱ्यांचा जीव टांगणीला लागला.

सूनबाई वायरिंगची कामं करायची. तिनं छतातल्या दिव्याला एक चिमुकला टायमर जोडून दिला. "आता दार लावल्यावर दिवा जरा थांबेल, मग हळूहळू विझेल."

सासऱ्यांनी बाहेरून दार लावलं, थोडा दम धरला आणि विझला का ते बघायला उघडलं. दिवा लख्ख! पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. दिवा आपला चालूच. "अगं, हा विझतच नाही! बॅटरी बसली की तुझ्या सासूला गाडी विकायला आयतंच निमित्त मिळेल."

सुनेला हसू आवरेना. "बाबा, दार उघडलं की तो लागणारच ना!"

"शेगडीवरच्या भांड्याचं झाकणही हे असंच सारखं उचलून बघतात," सासूबाई पुढे झाल्या. "चला, आत बसून बघू."

दोघं आत बसले, दारं लागली. सासूबाईंचा पट्टा पहिल्याच झटक्यात खट्कन बसला. मग दोघंही माना वर करून बघत राहिले. दिवा पिवळा झाला, तांबूस झाला आणि गेला.

"मग... विकायची का?" सासऱ्यांनी अंधारात हळूच विचारलं.

"थांबा हो! तांबूस कधी झाला ते नीट कळलंच नाही. उघडा बघू दार परत."